डहाळी कधी काढायची

त्या दिवशी मला घरून दोन फोन आले. पहिला सकाळी आला, तेव्हा आमची गाडी सेनगावच्या स्टँडवर उभी होती. मी एस.टी.त कंडक्टर आहे. ड्युटीवर सहसा फोन घेत नाही, पण दादाचा होता म्हणून घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एरवी तो फोनवर भांडल्यासारखा बोलतो. त्या दिवशी आवाजात हसू होतं. "तुह्या वयनीचा ताप उतरला बघ. पहाटं घाम फुटला, अंग गार झालं. डहाळी तिनं सोताच काढली," तो म्हणाला. मी "बरं झालं बाई" म्हटलं आणि डबल बेल दिली. दुसरा फोन आला तो दिवस मावळताना, हिंगोलीच्या डेपोत मी तिकिटाचं मशीन जमा करत असताना. बोलणारा दादा नव्हता, त्याचा मुलगा बालाजी होता. "आत्या, दवाखान्यात ये…" एवढंच बोलला, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसती माणसांची गडबड ऐकू येत राहिली. मी पोचले तोवर गयावहिनी गेली होती.

या गोष्टीला आता दोनेक महिने होत आले. मधल्या काळात तिच्याबद्दल लोक काय काय बोलले ते मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा माझा स्वभाव नाही, डेपोतल्या कोणालाही विचारा. म्हणून एकदाचं लिहून टाकावं म्हटलं. पण लिहायला बसले आणि कळलं की सांगायचं काय, तेच माझं ठरलेलं नाही. तर सुरुवात डहाळीपासून करते.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळकरी पोर होते. त्याच वर्षी मला सडकून ताप आला. आमच्या घरात आजारी माणसाने पडून राहायचं ते कोणी हाक मारेपर्यंत. आई काही दुष्ट नव्हती, पण कामं दारात उभी असायची. मी गोधडीत शिरले की पाच मिनिटांत "अगं, तेवढी म्हशीला पेंड टाक" व्हायचंच. नव्या नवरीने हे एक दिवस पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने ओसरीत बाज टाकली, मला तिच्यावर निजवलं, परसातल्या कडुलिंबाची डहाळी तोडली आणि ओसरीच्या दाराला टांगली. आई घाबरली. डहाळी टांगायची ती घरात देवी आल्या तर. "काय झालं गं? देवी हायेत काय पोरीच्या अंगात?" वहिनी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "न्हाई, माय. साधा ताप हाय. पन डहाळी पाहून पोरीला कोनी कामाला हाक मारनार न्हाई." आई तिच्याकडे बघतच राहिली. मी मात्र तीन दिवस राणीसारखी झोपले. त्या दिवसापासून मी त्या बाईच्या बाजूची झाले, ती आजपर्यंत.

पुढे गावाला सवय झाली. गयाबाईच्या दाराला डहाळी दिसली की कोणीतरी तापाने पडलंय, त्याला हाक मारायची नाही, हे पोरासोरांनाही कळायचं. मग हळूहळू गावातल्या बायका ताप काढायला तिच्या ओसरीत येऊ लागल्या. हसू नका, खरंच. आपल्या घरात पडता येत नाही म्हणून बाई चालत दुसऱ्याच्या घरी यायची, बाजेवर अंग टाकायची आणि डोळे मिटायची. मागोमाग नवरा यायचा. घरी भाकरी कोण टाकणार, अशी त्याची तक्रार. वहिनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायची. "ताप तिले आला, तुमचे हात तर बराबर हायेत ना?" म्हणायची. पण तिने नुसतं भांडून कोणी ऐकलं नसतं, म्हणून तिने एक बोली ठरवली होती. डहाळी आहे तोवर बाई माझी, डहाळी उतरली की तुमची. ही बोली ती काटेकोर पाळायची. घाम फुटून अंग गार झालं की डहाळी काढायची, बकरीपुढे टाकायची, बाईला लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घालायची, मुगाची पातळ खिचडी खायला द्यायची आणि त्याच दिवशी घरी धाडायची. एक दिवस जास्त ठेवून घेतली असती, तर पुढच्या वेळी नवऱ्यांनी बाया पाठवल्याच नसत्या. आज मला त्या बोलीचाच विचार छळतो.

तिचे उपाय काही जगावेगळे नव्हते. परसातल्या लिंबावर गुळवेल चढलेली होती, तिचा काढा. कडू असा की ताप परवडला. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, हातपाय ओल्या फडक्याने पुसणं, गवती चहा, सुंठ, ज्वारीची पातळ आंबील. माणसं तापात घोंगडी पांघरून बसायची, ती वहिनी ओढून घ्यायची. अलीकडे मोबाइलही काढून घ्यायची आणि धान्याच्या कोठीवर ठेवायची. एकदा ड्युटीवर असताना मलाच हुडहुडी भरली. गाडी हिंगोलीला पोचवली, रजा टाकली आणि घरी न जाता सरळ वहिनीकडे गेले. माझा आवाज अख्ख्या गाडीला पुरतो, पण तिच्यापुढे निघेना. मी म्हटलं, "वयनी, दोन दिवसांनी लग्नसराईची गर्दी हाय, मले जावं लागन." तिने काढ्याचा पेला तोंडाशी धरला. "ताई, तुमी न्हाई गेल्या तर गाडी काय जाग्यावरच ऱ्हाईन? झोपा गुमान." त्या ओसरीत पडल्या पडल्या मला तिच्या बांगड्यांचा, जात्याचा, कोंबड्यांचा आवाज येत राहिला आणि कोणीही मला काही मागितलं नाही. तशी झोप मला पुन्हा लागलेली नाही.

आणि ती डॉक्टरांची वैरीण होती असं आता जे म्हणतात, ते साफ खोटं आहे. कोणाला कावीळ दिसली, लेकराला झटका आला, दम लागला, की ती बाजेला हातही लावू द्यायची नाही. "हे माह्या हातचं न्हाई, जीप बोलवा," असं म्हणून मोकळी व्हायची. कित्येकांना तिने सेनगावला, हिंगोलीला स्वतः नेलं. जे कळत होतं तिथवर ती जायची, आणि जे कळत नव्हतं तिथे थांबायची. पण ताप उतरला की आजार गेला, हे तिला पक्कं कळलेलं होतं. त्याबद्दल तिला कधी शंकाच आली नाही, आम्हालाही नाही.

यंदा सोयाबीनची काढणी चालू असताना तिला ताप आला. अंग ठेचल्यासारखं दुखायचं, डोळ्यांच्या मागे ठणकायचं. यावेळी डहाळी तिच्या सुनेने, मीराने टांगली. मीरा सांगते, "आईले बाजंवर पडायचंच ठावं नव्हतं. या कुशीवरून त्या कुशीवर, अन् मधीच उठून मलेच इचारायच्या, तू जेवलीस का." बालाजी रक्त तपासून येऊ म्हणाला. तर वहिनी म्हणे, "डहाळी उतरू दे, मंग पाहू." काढा घेतला, घड्या ठेवल्या, सगळं रीतसर झालं. आणि त्या सकाळी घाम फुटला.

तिने डहाळी आपल्या हाताने काढली. बकरीपुढे टाकली. आंघोळ केली. आणि बोली तर तिचीच होती, ती स्वतःला कशी सूट देणार? सुपात उडीद घेऊन निवडायला बसली. थोड्या वेळाने पोट दुखतंय म्हणाली. काढा बाधला असेल, असं तीच म्हणाली. मग उलटी झाली. मीराने हात धरला तर गार. तिने दादाला सांगितलं, "मामा, आईचे हात लई गार पडले." दादा म्हणाला, "ताप उतरल्यावर गारच पाहिजेत ना, पोरी." त्याचं काय चुकलं? अख्ख्या गावाने हेच म्हटलं असतं. मीसुद्धा सकाळी फोनवर तेच म्हटलं होतं. दुपारनंतर ती तळमळायला लागली, माणसं ओळखेना, तेव्हा गोरेगावहून जीप आणली. रस्त्यात ती दादाला दोनदा म्हणाली, मले निजू द्या…

दवाखान्यातला डॉक्टर वयाने बालाजीएवढा. डेंगू होता म्हणाला. यात ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, अंगातलं पाणी रक्तातून निसटतं, पोट दुखतं, हात गार पडतात. "ताप उतरला तेव्हाच आणायला हवं होतं," तो म्हणाला. दादा भिंतीला टेकून उभा होता. तो अगदी हळू म्हणाला, "उतरल्यावर कोन आनते, सायब?"  डॉक्टरने मान खाली घातली, एवढं मी पाहिलं.

तेराव्यानंतर दादाने कुऱ्हाड घेतली आणि लिंबावरची गुळवेल बुडातून तोडली. मी अडवलं नाही. तोडल्यावर तो तिथेच मातीत बसून लहान मुलासारखा रडला. भेटायला येणारे लोक आपापलं बोलून जात होते. शिकलेले म्हणायचे, घरगुती उपायांनी घात केला. म्हातारेकोतारे म्हणायचे, दवाखान्यात नेली म्हणून गेली, घरीच ठेवली असती तर वाचली असती. मला दोघांचाही राग यायचा. पण खरं सांगू? वहिनीचाही यायचा. इतकी वर्षं बायकांना निजवलंस, एक दिवस जास्त निजवून का नाही पाहिलंस? नवऱ्यांशी बोली करताना एक दिवस जास्त का नाही मागितलास? मग वाटायचं, मागितला असता तर दिला असता का कोणी? आमच्याकडे बाईचा ताप उतरायची वाट घरातलं प्रत्येक भांडं बघत असतं. तिने जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं मिळवलं, आणि त्यात मी तीन दिवस राणीसारखी झोपले होते. हे सगळं एकाच वेळी मनात येतं आणि गाडीत चालत्या फेरीत डोळे भरून येतात. लोकांना वाटतं, धूळ गेली.

मागच्या पंधरवड्यात मीराला ताप आला. बालाजीचा फोन आला. रजा टाकून गेले, तर दाराला डहाळी होती. बालाजीने टांगलेली, नीट बांधताही आली नव्हती, एका बाजूला लोंबत होती. रक्त तो आधीच सेनगावला देऊन आला होता. चूल त्यानेच पेटवली होती, भाकऱ्यांचे नकाशे झाले होते. दादा मीराच्या उशाशी बसून कपाळावर घड्या बदलत होता.  लिंबाकडे पाहिलं तर वर उरलेल्या गुळवेलीने खाली बारीक दोर सोडले होते. दादाने ते पाहिलेत की नाही, मी विचारलं नाही.

रिपोर्टमध्ये डेंगू निघाला. डॉक्टरांनी पाणी पाजत राहा, लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. मग एका सकाळी मीराला घाम फुटला, अंग गार झालं. ती उठली, केस बांधले आणि सवयीने दाराकडे गेली. "आत्या, उतरला ताप. ही काढते अन् पोळ्या टाकते." तिने हात वर केला, तोच अंगणातून बालाजी ओरडला, "हात लावू नको!" मीरा दचकली. तो जवळ आला.  "आईचा बी उतरला व्हता," तो म्हणाला.  मी तिला चपला घालायला लावल्या, बालाजीने जीपवाल्याला फोन केला. हिंगोलीला तिला दोन दिवस ठेवून घेतलं, सलाईन लावलं, रोज रक्त पाहिलं आणि ठीक आहे म्हणून घरी सोडलं.

आम्ही परत आलो तेव्हा डहाळी तशीच होती. पाला वाळून उंबऱ्यात गळत होता. मीराला बाजेवर निजवलं. दादा दारातच बसला होता. तेवढ्यात शेजारची बाई डोकावली, डहाळीकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाली, "काहून जी, अजून ताप हाय का पोरीले?"

दादाने उंबऱ्यातला वाळका पाला हाताने गोळा केला.

"न्हाई," तो म्हणाला. "उतरला. म्हनूनच ठिवली हाय."