म्हाताऱ्याला शाल

ठेव विश्वास. ठेवून दाखवच, शीतल. शेजारची जेन पहिल्या वाक्याला हसली, आमचा लेक दुसऱ्याला उठून गेला. तू नवीन लग्न होऊन वॉटफर्डला आलीयस, तुझ्याकडून अजून आशा आहे, म्हणून सांगते.

आइस्क्रीमचे रिकामे डबे कसे साठतात घरात? टाकवत नाहीत, एकाचं झाकण दुसऱ्याला लागत नाही, आणि कपाट उघडलं की सगळे अंगावर. त्या अमेरिकन गाणाऱ्याचे किस्से आमच्याकडे तसे साठलेत. त्याचं नाव मी घेत नाही. नवऱ्याचं घेतलं नाही कधी, त्याचं कशाला घेऊ? मी त्याला म्हातारा म्हणते.

आमचे हे इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा पहिली थंडी एका खोलीत एकट्याने काढली. मी अजून गावाकडेच होते. भिंतीपलीकडचा भाडेकरू रोज तीच रेकॉर्ड लावायचा. ती म्हाताऱ्याची, तेव्हा तो म्हातारा नव्हता. हे म्हणतात, "तो आवाज नसता तर मी वसंतापर्यंत टिकलो नसतो, सरळ परत आलो असतो." मी चौथी पास. मी तो आवाज ऐकला आणि म्हटलं, ह्याला कुणीतरी हळद-दूध द्या.

तेव्हापासून तिकडे त्याला काही मिळालं की इकडे मला शिरा करायचा हुकूम. मेडल मिळालं, शिरा. मोठमोठ्या गाणाऱ्यांच्या यादीत नाव लागलं, शिरा. मान त्याला आणि शुगर ह्यांना.

"जगाने सगळं दिलं गं त्याला," हे म्हणायचे, "पण शाल-श्रीफळ कुणी दिलं नाही. तो कसला सत्कार?"

आणि गणपतीत मंडळाच्या माइकवर जाहीर करून टाकलं, की त्याला शाल मी घालणार, ह्या हातांनी. अख्खा हॉल हसला. हे हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माणूस सीरियस आहे. पुण्याहून शाल मागवली, जांभळी, जरीच्या काठाची.

* * *

हाउन्सलोचे शिंदे भाऊजी एअरपोर्टला बॅगांच्या कामावर. त्यांनी फोन केला, "डॉक्टर, तुमचा देव उद्या सकाळी उतरतोय." आम्ही पहाटेच हजर. ह्यांच्या एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ.

दोन बंदूकवाले पोलीस आले. "सर, यात काय आहे?"

"पाणी," हे म्हणाले. आणि खात्री पटावी म्हणून नारळ त्यांच्या कानाशी नेऊन हलवला.

पोलीस चार पावलं मागे गेले की गं. मग त्यांचा साहेब आला. साहेब म्हणाला, फोडून दाखवा. ह्यांनी बाहेर नेऊन पायरीवर फोडला. आता नारळ फोडला म्हणजे प्रसाद वाटायला नको? मी वाटला. साहेबाने दोनदा घेतला.

तेवढ्या वेळात म्हातारा मागच्या दाराने गेलासुद्धा.

* * *

मग हाउन्सलोलाच एका हॉलवर पोस्टर लागलं. म्हाताऱ्याचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात नाव. आमची नात रिया सोबत होती. ती माझ्या कानात म्हणाली, "आजी, तो रिअल नाही. छोटा अक्षरात लिहिलाय, ट्रिब्यूट शो. दुसरा माणूस विग घालून गातो. आजोबाला सांगू?"

"खबरदार," मी म्हटलं. "बघू तरी काय होतं."

शो संपला तसे हे गुडघे दाबत स्टेजवर चढले आणि घातली शाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विगवाला आधी हसला, मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, मी दिवसा इलेक्ट्रिशियन आहे, वीस वर्षं हे करतोय, मला कुणी साधं फूल दिलं नाही.

गाडीत बसल्यावर मी ह्यांना खरं काय ते सांगितलं. सिग्नलला हे म्हणाले, "त्याला शोभत होती पण." पुण्याला फोन केला, दुसरी पाठवा.

* * *

आता माझं पाप सांगते.

ह्यांनी म्हाताऱ्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं होतं, चार पानी. रोज दार वाजलं की ह्यांना वाटे, पोस्टमन उत्तर घेऊन आला. मला राहवेना. मी शिंदे भाऊजींना पढवलं आणि त्यांनी म्हातारा बनून फोन केला, नाकातून अमेरिकन इंग्लिश काढलं, "हॅलो डॉक्टर, मी बोलतोय."

हे लुंगीवर होते. रिसीव्हर हाताने झाकून मला म्हणतात, "पँट आण. अगं, पँट आण लवकर." पँट चढवली, बेल्ट लावला, मग बोलले. मी हसून हसून जिन्यात बसले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आठवड्याने परत फोन. कुणी बाई, तसंच अमेरिकन बोलणारी. म्हणाली, गुरुवारी लंडनला पाच मिनिटं भेटता येईल का?

"शिंद्या, बायकी आवाज काढायला लाज नाही वाटत?" हे म्हणाले आणि आपटला फोन.

मग पत्र आलं. खरंखुरं, म्हाताऱ्याच्या ऑफिसचं. रियाने वाचून दाखवलं. आम्ही फोन केला होता, पण आपल्याला भेटायची इच्छा दिसली नाही. शिंद्या म्हणजे काय ते आम्हाला समजलं नाही. खाली लिहिलेलं, एडिनबराचा एक समारंभ झाला की ते विमानप्रवास कायमचा बंद करणार आहेत.

ह्यांनी शाल घडी करून कपाटात ठेवली, वरच्या फळीवर, हात पोचत नाही तिथे. शीतल, आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या मी, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

* * *

स्टुलावर चढून मी शाल काढली. ह्यांना म्हटलं, "चला एडिनबरा."

तिथल्या युनिव्हर्सिटीने म्हाताऱ्याला मानाची डॉक्टरेट दिली होती. आत आम्हाला कोण सोडतंय? बाहेर कठड्यामागे उभे. पाऊस पिरपिरतोय, पुढे ही गर्दी, ह्यांचे गुडघे सुजलेले. म्हातारा आला. लाल झगा, पांढरे केस, दारापासून गाडीपर्यंत मोजून वीस पावलं. ह्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. दहा पावलं राहिली.

मी कठड्याखालून वाकून पलीकडे गेले आणि गाडीच्या दारासमोर आडवी झाले. "अगं आई गं."

एकच गोंधळ. "बाजूला व्हा, मी डॉक्टर आहे," हे ओरडले. आता बरा आवाज फुटला. गर्दी फाटली, हे आले, धपकन माझ्याशेजारी बसले आणि मनगट धरलं. दुसऱ्या बाजूला कुणीतरी वाकून बसला, माझा दुसरा हात धरला. मी एक डोळा उघडला. लाल झगा.

"अहो," मी हळूच म्हटलं, "समोर कोण बसलंय बघा."

"कुणी का असेना. तुझी पल्स नॉर्मल नाही."

"कशी असेल? माझा हात धरून तो बसलाय."

ह्यांनी वर बघितलं. बघतच राहिले. तीस-पस्तीस वर्षं पाठ केलेलं भाषण, चार पानी पत्र, सगळं त्या पावसात वाहून गेलं. नजर खाली गेली, म्हाताऱ्याच्या बुटावर, पँट वर सरकून घोटा दिसत होता तिथे.

"युअर अँकल्स आर स्वोलन," हे म्हणाले. वॉर्डात बोलायचे तस्से. "गोळ्या वेळेवर घेता का?"

माझ्या पिशवीतली शाल काढून ह्यांनी त्याच्या खांद्यावर घातली, पुढून नीट ओढून घेतली, आणि उत्तराची वाट बघत बसले.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "नो, सर," म्हणाला.

जा आता, शीतल. ऊठ, जा घरी.