एकोणतीस फेब्रुवारीची तक्रार

"माझ्याकडे नीट चालतंय. तुमच्याकडेच काहीतरी असेल."

हे वाक्य कुलूपकाकांनी पंधरा वर्षांत किती जणांना लिहिलं असेल, त्याची मोजदाद नाही. दहातल्या नऊ वेळा ते खरंही असायचं.

पोटासाठी ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करत. उरलेला वेळ आमच्या प्रोग्रामचा. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी तपासणारा हा प्रोग्राम फुकट होता आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. ती आत घ्यायची की नाही, हे मात्र काका ठरवत. वाद चिघळला की ते चर्चेला कुलूप घालत. नाव त्यावरून पडलं. त्यांच्या घरी गेलं की काकू सांगायच्या, "नळ गळतोय म्हटलं, तर म्हणतात, मी पाहिला तेव्हा नव्हता गळत." काका खाली मान घालून हसायचे आणि पाना शोधायला उठायचे.

तक्रारी साचत होत्या. म्हणून काकांनीच नियम आणला: तक्रार करणाऱ्याला आपण काही विचारलं आणि त्याचं साठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर तक्रार आपोआप बंद. समितीतल्या आम्ही सातही जणांनी माना डोलावल्या. सुटका झाल्यासारखं वाटलं होतं.

पाच वर्षांपूर्वी एका संशोधक मुलीची तक्रार आली. पाऊस पडल्यावर विहिरीचं पाणी किती दिवसांनी चढतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिने लिहिलं होतं, "वहीत हाताने मोजलं तर तीन दिवस येतात, प्रोग्राम दोन सांगतो. चूक माझीच असेल, पण एकदा पाहाल का?" काकांनी आपल्याकडचे आकडे घालून पाहिले आणि ते नेहमीचं वाक्य लिहिलं. खाली जोडलं, "चूक दिसेल असं छोटं उदाहरण पाठवा." त्या उत्तराला मी पसंतीचा अंगठा दिला होता. तिचं उत्तर आलं नाही. एकसष्टाव्या दिवशी तक्रार बंद झाली.

गेल्या वर्षी दुसऱ्याच कुणीतरी तोच दोष उदाहरणासकट दाखवला. विहिरीच्या नोंदीत खंड पडला असेल आणि त्या खंडात एकोणतीस फेब्रुवारी येत असेल, तर प्रोग्राम तो दिवस गिळायचा. पुढच्या सगळ्या नोंदी एक दिवस अलीकडे सरकायच्या. पावसाचा तक्ता जागच्या जागी, म्हणून तीन दिवसांचे दोन व्हायचे. काकांनी दुपारच्या सुट्टीत एका ओळीत तो दोष दुरुस्त केला. मग त्यांना ती जुनी तक्रार आठवली.

"तिला लिहायला हवं," ते मला म्हणाले.

"लिहा की."

"काय लिहू?"

वर्ष गेलं. त्यांनी लिहिलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

दुरुस्तीची नोंद वाचून यंदाच्या सभेला ती संशोधक मुलगी स्वतः आली. भाड्याची वर्गखोली, लहान मुलांचे बाक, त्यात गुडघे अडकवून बसलेले आम्ही. साठ दिवसांचा नियम रद्द करावा, तक्रार माणसानेच वाचून बंद करावी, असा तिचा ठराव होता.

"पण तुम्ही तेव्हा उत्तर का नाही दिलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मार्गदर्शक म्हणाले, एवढ्या लोकांचं चूक आणि तुझ्या वहीचंच बरोबर? मलाही पटलं. वहीतले तीन खोडून दोन केले. प्रबंध तसाच छापलाय."

"तुमच्यावर सक्ती तर कुणी केली नव्हती," समितीतला हवामानवाला म्हणाला.

"नाही ना. खोडलं मीच." तिने वही उघडून टेबलावर ठेवली. मग काकांकडे वळली. "सर, तेव्हा तुम्ही कोणत्या वर्षाचे आकडे घातले होते?"

काका म्हणाले, "आदल्या वर्षाचे. हाताशी होते ते."

"त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीसचाच होता," ती म्हणाली. एखादी बेरीज पडताळून पाहावी, तसं म्हणाली. रागावली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूने तीन हात, त्यात माझा, पाच वर्षं उशिरा. विरोधात तीन. "वाचायला माणसं कुठून आणायची?" हवामानवाल्याने विचारलं. हे बोलणं मूळचं काकांचंच. सगळे काकांकडे बघू लागले.

त्यांनी हात वर केला, ठरावाच्या बाजूने.

"चार. मंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या.

ती अजून त्यांच्याकडेच बघत होती. नियम बदलून घ्यायला आली होती, तो बदलला होता. तरी ती थांबली होती. एक वाक्य पुरलं असतं. काका उठले, टेबलापाशी गेले. वही आपल्याकडे फिरवून त्यांनी तो खोडलेला तीनचा आकडा पाहिला. वही पुन्हा तिच्याकडे फिरवली, बाकावरची पिशवी घेतली आणि बाहेर गेले.