कसायाने भावाला काय सांगितलं

मोटारींच्या कारखान्यात त्याला सगळे कसाई म्हणायचे. दुसऱ्या कंपनीची गाडी बाजारात आली की ती आणून मागच्या शेडमध्ये सोडायची आणि याने तिचा नट न् नट सुटा करून टेबलावर मांडायचा, हेच त्याचं काम. एकवीस वर्षं त्याने तेवढंच केलं.

नव्या कंपनीची पहिली गाडी आली तेव्हा शेडमध्ये हसून हसून मुरकुंडी वळली होती. दाराचं रबर वाकडं, पत्रा पापडासारखा. "हिला खोलायची काय गरज? जोरात शिंक दिली तरी सुटेल," असं तो म्हणाला आणि साहेबही हसले. पण पुढच्या गाडीत रबर सरळ होतं. चौथ्या गाडीच्या वेळी शेडमध्ये कुणी हसलं नाही. कसायाच्या कारखान्यातल्या गाडीला मागच्या बाजूला सत्तर तुकडे जोडावे लागत, तिथे त्यांनी एकच ओतीव भाग बसवला होता. कसायाने त्यावरून हात फिरवला. जोडायला तुकडेच नाहीत, तर वेल्डिंगची माणसं हवीत कशाला?

अहवालात त्याने लिहिलं, 'ही गाडी आपल्यापेक्षा चांगली आहे आणि स्वस्तात बनते.'

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "एवढी ओळ काढून टाक. आणि शेडमधलं शेडमध्येच राहू दे."

त्याने ओळ काढली.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ घरी आला. तो याच कारखान्यात वेल्डिंगला होता, यानेच चिकटवला होता. "दादा, रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. जाऊ का?"

खरं सांगायचं तर 'जा' एवढा एकच शब्द पुरे होता. तो कसायाच्या ओठांवर आलाही होता. पण उद्या हे पसरलं, साहेबांच्या कानावर गेलं, तर आपलं काय? "इथे काय कमी आहे तुला?" तो म्हणाला. "असली कंपनी बुडत नसते." वडिलांच्या माघारी थोरल्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भाऊ निश्चिंत होऊन चहा प्यायला आणि गेला.

चौदा महिन्यांनी वेल्डिंगची लाइन बंद झाली. भावाच्या हातात कामावरून कमी केल्याचं पाकीट पडलं, तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. रेल्वेच्या कारखान्यातली भरती कधीच आटोपली होती. वर्षभरात उरलेल्या कारखान्यालाही कुलूप लागलं. कसायाला मात्र नव्या कंपनीने आठ दिवसांत बोलावून घेतलं. पारखी माणूस कुणालाही हवाच असतो.

ही बातमी सांगायला तो भावाकडे गेला. भाऊ पलंगाच्या कडेवर बसून होता, भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कंपनी बुडणार हे तुला आधी कळलं होतं?" भावाने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "हो," कसाई म्हणाला.

"मी विचारायला आलो त्याच्या आधी?"

"तीन दिवस आधी."

भाऊ ओरडला नाही. उठला, दाराची कडी काढली आणि दार उघडं धरून उभा राहिला.

आता भाऊ एका गोदामात पहारा देतो. दोघांच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर आहे. कसाई महिन्यातून एकदा तरी जातो. भावजय दार उघडते, पाणी देते, "ते झोपलेत," म्हणते. आतून रेडिओचा आवाज येत असतो. तो पाणी संपवतो, पेला खाली ठेवतो आणि घरी येतो.