जांघेतली कळ

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे काकूच म्हणत. दिवसभर वाफेत उभं राहून त्यांचे पाय भरून यायचे. "उभं राहून दुखतंच आहे, तर पळून तरी दुखू दे," म्हणत चाळिशी उलटल्यावर त्या पळायला लागल्या, आणि बघता बघता डोंगरातल्या लांब शर्यतींत तरण्या पोरींना मागे टाकू लागल्या.

कसं जमतं विचारलं की हसायच्या. "दुखणं पाहुण्यासारखं असतं. आलं की बस म्हणायचं, पण गप्पा मारायच्या नाहीत." पोटऱ्या पेटल्या की त्या फक्त पुढच्या वळणाचा विचार करत. टाचेला फोड आला की तो फुटेपर्यंत दात आवळून पळत.

त्या वर्षी मात्र शर्यतीच्या बऱ्याच आधीपासून जांघेत काहीतरी खुपत होतं. पाय टेकला की कळ, उचलला की गायब. काकूंनी तिलाही बस म्हटलं.

शर्यतीत चढ संपतो तिथे, पाण्याच्या टेबलापाशी, धाकटी बहीण कोरडे मोजे घेऊन उभी होती.

"ताई, लंगडतेयस तू."

"जरा धरलंय. सुटेल."

"तोंड बघ, पांढरंफटक पडलंय. बास कर आता."

"अगं, दुखलं की थांबायचं म्हटलं, तर मी कधी पळलेच नसते."

बहिणीने दंड धरला. काकूंनी तो सोडवून घेतला आणि उताराला लागल्या.

थोडं खाली गेल्यावर कडकन आवाज झाला. वाळकी फांदी मोडली असं त्यांना वाटलं. पुढचं पाऊल पडलंच नाही. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. मागून येणाऱ्यांनी झोळी करून खाली आणलं, तेव्हाही त्या ओरडल्या नाहीत.

"हाडाला चीर आधीच गेलेली होती," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस दुखलं नाही?"

"दुखत होतं ना. मला वाटलं, मी जिंकतेय."

बहीण भिंतीकडे तोंड करून रडली.

खुब्यात खिळे बसले, एक पाय आखूड झाला. काकू आता स्टुलावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालतात. पळणं सुटल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पण कुठल्या दुखण्याकडे बघायचं नि कुठलं सोडून द्यायचं, हेच त्यांना कळेनासं झालंय. साधं डोकं चढलं तरी बहिणीला फोन करतात. "हे कसलं गं दुखतंय?"

बहिणीला तरी काय कळणार? ती "आले" म्हणते आणि हातातलं काम टाकून निघते.