टेबलाखालची चप्पल

फिनेलचा वास आला की मला आजही एका जागी बसवत नाही. मोहोळ रोडच्या एका बारमध्ये धाकट्या भावाच्या डोक्यात कुणीतरी बाटली फोडली आणि तो दवाखान्यात पोचला, तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्या बारमध्ये गेले. फरशी नुकतीच फिनेलनं पुसलेली होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. मारामारी सुरू झाली की सगळ्यांना रस्त्यावर ढकलायचं आणि शटर ओढायचं, ही तिथली रीतच; भावालाही तसंच रस्त्यावर टाकलं होतं. मालक गल्ल्यावरच्या देवाला उदबत्ती ओवाळत म्हणाला, "ताई, भांडण भाईर झालंय की. आत काय झालंच न्हाय. रस्त्यावरचं आमी कुटं बघत बसू?" मी खाली वाकले. कोपऱ्यातल्या टेबलाखाली, फडकं पोचलं नव्हतं तिथं, भावाची दुसरी चप्पल पडली होती, पट्ट्यावर रक्त वाळलेलं. मी ती उचलली आणि सरळ गल्ल्यावर ठेवली. "मग ही आत कशी ऱ्हायली?" मालकानं घाईघाईनं चप्पल देवासमोरून बाजूला सारली, भाऊ कसा आहे, हे मात्र विचारलं नाही. भाऊ बरा झाला. पण अजूनही एखाद्या बारमध्ये आत गाणी चालू आणि शटर खाली दिसलं, की मी रिक्षा थांबवते आणि बाहेर कुणी पडलंय का, ते बघते.