दुसऱ्यांदा हँडल मारलं नाही

मंडळी, आज दुपारी इंदापूरच्या मळ्यात मी मालकांची छोटी मोटार पुसत होतो. तेवढ्यात त्यांचा अकरा वर्षांचा बाळू येऊन चालकाच्या जागेवर बसला. तुम्ही सगळे गाव सोडून गेल्यापासून माझ्याशी गप्पा मारायला तेवढा तोच येतो.

मालक म्हणाले, "मार की हँडल. आपलंच रान हाय, हितं कोण अडवतंय?"

मोटार सुरू करायचं पुढचं हँडल बाळूला फिरत नाही, म्हणून मी मारलं आणि त्याच्या शेजारी बसलो; मालक मागे बसले. उसाच्या कडेने त्याने मोटार झोकात नेली. वळणावर बाभळीच्या सावलीत खुरपणाऱ्या सखूचं तान्हं निजलं होतं. मी हातब्रेक ओढला. मोटार हातभर अलीकडे थांबली आणि बंद पडली. सखूने बाळ उचललं आणि मालकांसमोरून मान खाली घालून ती बाजूला झाली.

"काय झालं न्हाय. मार परत," मालक म्हणाले.

"न्हाय मालक. रान तुमचं हाय, पण हितं मानसं राबत्यात."

"गणूदादा भित्रा! आता तुज्याशी बोलनारच न्हाय," म्हणत बाळू निघून गेला.

संध्याकाळी तो आला नाही. चहा एकट्यानेच प्यायलो. उद्याही मी नाहीच म्हणणार आहे. मी बरोबर केलं, एवढं तरी कोणी लिहाल का?