राखणीला कोण थांबलं

दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, नाताळच्या नाटकाचा पहिला भाग आमच्या मोकळ्या रानात झाला. दुसरा भाग गावातल्या प्रार्थनाघरात झाला. दुसऱ्या भागासाठी एका माणसाची खुर्ची पहिल्या रांगेत राखून ठेवली होती. तो आला नाही. त्या खुर्चीवर त्याची बायको बसली.

आमचं गाव गोरेगावहून सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. शेती भाऊ करतो. मी हिंगोलीत एका दैनिकाच्या जिल्हा पानाचं काम करत असे आणि डिसेंबरअखेर सुट्टी घेऊन गावी येत असे. सोयाबीन निघालं की भाऊ रानाचा एक तुकडा न पेरता ठेवतो आणि त्यात मेंढरं बसवतो. दिवसा मेंढरं बांधाबांधाने चरतात, संध्याकाळी जाळी लावून त्यांना त्या तुकड्यात बसवतात. लेंड्या पडतात, रानाला खत होतं. त्याबदल्यात मेंढरांच्या मालकाला ज्वारी द्यायची, असा व्यवहार आहे.

बरीच वर्षं एकच धनगर जोडपं येतं. दोघंही पन्नाशीच्या पुढची. त्या वर्षी त्यांचा मुलगा आणि सून कळपातली निम्मी मेंढरं घेऊन जवळा बाजार गावाच्या बाजूला गेले होते, त्यामुळे इकडे दोघंच होती. कळप एकटा सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. दोघांपैकी एकाने थांबायचं. प्रत्यक्षात दर वेळी तीच थांबायची. बाजारात सौदा करायला तो जायचा, लग्नात मान घ्यायला तो जायचा, जत्रेला नवस फेडायलाही तोच. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न आमच्या गावापासून फार लांब नव्हतं. अक्षता पडल्या तेव्हा ती आमच्या बांधावर होती.

त्या लग्नाची हकिकत तिने मला सांगितली, ती अशी.

"ह्यांला इचारलं, लगीन कसं झालं? म्हनले, झालं. नवरी कशी दिसली? म्हनले, हाय बरी. नवरदेव? म्हनले, व्हता की. मंग म्या इचारलं, जेवायला काय व्हतं? तर बाई, बुंदीपासून सुरू झाले ते माझी भाकर थापून, कालवण उतरून झालं तरी यांचं जेवन उठंना!"

"खोटं कशाला सांगावं," तो शेजारून म्हणाला. "जेवनच चांगलं व्हतं."

ख्रिस्ती मंडळींचे पाळकसाहेब आले ते नाताळच्या आठवडाभर आधी, मोटरसायकलवर. गावात मोजकीच ख्रिस्ती घरं आहेत. त्यांचं पत्र्याचं प्रार्थनाघर शाळेच्या मागे आहे. दर नाताळला तिथे मुलं नाटक करतात. आधीच्या वर्षी मेंढरांचं काम दोन लहान मुलांनी केलं होतं. त्यांच्या पाठीवर गादीचा कापूस चिकटवला होता आणि एकाने बें बें करायच्या ऐवजी म्यांव केलं होतं. या वर्षी पाळकसाहेबांना खऱ्या मेंढ्या हव्या होत्या. दोन मेंढ्या आणि एक कोकरू.

"न्हाई येत," धनगर म्हणाला.

"मी नीट घेऊन जातो. आमच्या घरी शेळ्या होत्या, मला सवय आहे."

"शेळी येती हो. दावं लावलं की येती. मेंढी एकटी येत न्हाई. आली तर वरडती. मंग हिकडं राहिलेल्या वरडतेत. तुमचं नाटक कुनाला आइकू येनार न्हाई. न्यायची तर समदी न्या."

सगळी मेंढरं प्रार्थनाघरात मावणार नव्हती. धनगराच्या बायकोने चुलीवरून चहा उतरवला. पाळकसाहेब पोत्यावर बसले. नाटकात मेंढरं कशाला लागतात, हे समजावून द्यावं म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली. रानात मेंढपाळ कळप राखत होते. देवदूत आला. म्हणाला, बाळ जन्मलंय, गव्हाणीत ठेवलंय, जाऊन बघा. ते गेले आणि सगळ्यात आधी त्यांनी बाळ पाहिलं.

"समदेच गेले?" तिने विचारलं.

"सगळेच."

"मंग मेंढरं कुनापाशी?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "तसं काही लिहिलेलं नाही."

"कुनीतरी थांबलंच आसंल की."

"देवदूत व्हता ना तिथं," नवरा म्हणाला. "त्यानं राखली आसतील."

"त्याला काय येतंय? लांडगा आला तर गानं म्हनंल त्यो."

पाळकसाहेब हसले. मग त्यांनी सांगितलं की यंदा ते याच विषयावर बोलणार आहेत: ही बातमी राजाला, पुजाऱ्याला न सांगता आधी मेंढपाळांनाच का सांगितली. त्यांचं भाषण तयार होतं. देव आधी दीनदुबळ्यांकडे जातो, असा त्याचा मुद्दा होता.

"दीनदुबळे कोन?" धनगराने विचारलं.

"म्हणजे मेंढपाळ. त्या काळातले."

"साहेब, हितं बसली तेवढी मेंढरं इकली तर तुमच्यासारख्या फटफट्यांची रांग लागंल ह्या बांधापासून त्या बांधापतुर. दुबळे काहून म्हन्ता?"

"तुम्हाला नाही म्हणालो, दादा."

"मेंढपाळालाच म्हनले ना? मंग मलाच म्हनले." तो रागावलेला नव्हता, पण मुद्दा सोडायला तयार नव्हता. "ते जागे व्हते म्हनून त्याह्यला सांगितलं. बाकीचं गाव झोपलेलं. झोपल्या मानसाला उठवून सांगायला गेलं तर शिव्या खाया लागतेत. देवदूत झाला म्हनून काय झालं."

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तसं न्हाई. गावातल्यांला काय, सकाळी कळतंच. ज्याला उठून जाता येत न्हाई, त्याला येऊन सांगावं लागतं."

पाळकसाहेबांनी चहा संपवला, मेंढरांकडे पाहिलं आणि भावाला विचारलं की नाटकाचा एक भाग या रानात केला तर चालेल का. भाऊ म्हणाला, चालेल.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरातल्या बायकांनी हरकत घेतली. रानात दंव पडतं, लेकरांचे कपडे खराब होतील, आणि गव्हाण, चांदण्या, पताका सगळं आत लावून झालंय. मग तोडगा निघाला. देवदूत येतो तेवढा प्रसंग दिवस मावळताना रानात. तिथून सगळ्यांनी मेंढपाळांच्या मागोमाग गावात चालत जायचं आणि बाकीचं नाटक प्रार्थनाघरात. मेंढरं देणाऱ्याचा मान म्हणून धनगराला फेटा बांधायचा आणि पहिल्या रांगेत बसवायचं. हे सांगायला पाळकसाहेब आले तेव्हा तो लगेच हो म्हणाला. फेटा कोणत्या रंगाचा, तेही त्याने विचारून घेतलं.

ती जाळीची गाठ आवळत होती. गाठ आवळून झाल्यावर माझ्याकडे आली.

"ताई, तुमी जानार ना गावात?"

"जाणार."

"मंग मला येऊन सांगा. समदं सांगा. लेकरू कसलं ठेवतेत, बाहुली का खरं. त्याच्या मायनं काय नेसलंय. राजे येतेत म्हनले, ते कसे येतेत. तुमचं कामच हाय ते."

"सांगते."

"जेवनाचं सोडून सांगा. जेवनाचं हे सांगतेत बराबर."

मी तिला म्हणाले की तीही येऊ शकते, आमचा गडी मेंढरांजवळ थांबेल. तिने गड्याकडे एकदा पाहिलं. मेंढरं त्याला ओळखत नाहीत, असं ती म्हणाली आणि तो विषय तिथे संपला.

नाताळच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर लोक यायला लागले. ख्रिस्ती घरांतले होतेच, बाकी गावही आलं, कारण रानात नाटक गावात कधी झालं नव्हतं. देवदूत आठवीतली मुलगी होती. तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं केलं. पंखांना घरचा कापूस लावला होता. ट्रॉलीला बांधलेली झेंडूची माळ कळपातल्या एका शेळीने नाटक सुरू व्हायच्या आधीच खाल्ली. धनगर गुलाबी फेटा बांधून मेंढरांच्या पुढे काठी टेकून उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना घोंगड्या पांघरलेली चार मुलं मेंढपाळ म्हणून बसली होती. त्याची बायको मागे, जाळीजवळ होती.

देवदूताच्या प्रकाशासाठी पाळकसाहेबांनी मोटरसायकलचा दिवा ट्रॉलीवर सोडला. मेंढरं बुजली आणि सगळी एका अंगाला धावली. दोन मेंढपाळ खाली पडले, त्यातला एक रडायला लागला. तिने जाळीजवळून हाळी दिली, एकदाच. कळप थांबला आणि परत जागेवर आला. देवदूताने आपलं वाक्य पहिल्यापासून म्हटलं. मेंढपाळांमधला मोठा मुलगा उठला आणि त्याला शिकवलं होतं तसं खड्या आवाजात म्हणाला, चला, आपण जाऊन ते बाळ पाहू. चौघंही गावाच्या दिशेने निघाले. लोक उठायला लागले.

"ए लेकरांनो!" ती मागून ओरडली. "मेंढरं कुनापाशी ठेवली?"

मुलं थांबली. हे त्यांच्या पाठांतरात नव्हतं. मोठ्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं. लोक हसायला लागले. पाळकसाहेबही हसत होते. मुलं काही हलेनात.

धनगर तोवर मुलांच्या मागे निघाला होता. तोही थांबला होता. त्याने मागे वळून पाहिलं. मग तो म्हणाला, "म्या हाय ना हितं. तुमी व्हा म्होरं."

मुलं निघाली. तो चालत कळपापाशी आला आणि बायकोला म्हणाला, "जाय तूबी."

"कुटं?"

"कुटं म्हंजी? नाटकाला."

"तुमी थांबता?"

"थांबतो म्हनलं ना."

"आन् खुर्ची? फेट्याचं काय?"

"फेटा हितंबी ऱ्हातो डोक्यावर. जाय, न्हाईतर माजा इरादा बदलंल."

तिने हंड्यातल्या पाण्याने हातपाय धुतले, पदर नीट केला. लंगड्या मेंढीचं पिलू अंधार पडल्यावर पाजायला धरावं लागतं, हे तिने त्याला सांगितलं. जाळीची खालची गाठ सैल आहे, तेही सांगितलं. थोडं पुढे जाऊन परत आली आणि शेळी सुटी आहे, असं सांगितलं.

"म्या काय आजच पैल्यांदा मेंढरं बगून राहिलो का?" तो म्हणाला.

ती माझ्यासोबत आली. वाटेत ती भरभर चालत होती. मुलांना गाठल्यावर तिने चाल कमी केली आणि त्यांच्या मागोमाग राहिली. प्रार्थनाघराच्या दारात बायकांनी सगळ्यांच्या हातावर गुलाबपाणी शिंपडलं. तिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. गव्हाण एका घरच्या गोठ्यातून आणलेली खरी होती. बाळही खरं होतं, चार महिन्यांचं, झोपलेलं. चारही मेंढपाळ गव्हाणीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसले तेव्हा ती खुर्चीवरून उठली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. कोणी तिला अडवलं नाही. तिने वाकून बाळाकडे पाहिलं, त्याच्या टोपड्याची सुटलेली नाडी बांधली आणि परत येऊन बसली.

राजे चालत आले. एकाची दाढी येशूपर्यंत पोचायच्या आत गळून पडली. त्याने ती उचलून सोन्याबरोबर गव्हाणीजवळ ठेवली.

पाळकसाहेबांचं भाषण त्यानंतर झालं. ते थोडक्यात होतं. त्यात दीनदुबळे हा शब्द नव्हता. ज्यांना हातातलं काम सोडून येता येत नाही, त्यांच्यापर्यंत बातमी चालत गेली, असं ते म्हणाले, आणि हे आपल्याला या आठवड्यात एका बाईंनी चहा देताना सांगितलं, असंही म्हणाले. ती तेव्हा शेजारच्या बाईला राजांच्या झग्यांचं कापड कोणतं, ते विचारत होती. तिने ऐकलं नाही, हे मी नंतर तिलाच विचारून घेतलं.

शेवटी सगळ्यांना केक आणि करंज्या वाटल्या. पाळकसाहेबांच्या पत्नीने कागदात बांधून दोघांचं तिच्या हातात दिलं. आम्ही बॅटरीच्या उजेडात रानाकडे परत आलो. मेंढरं बसली होती. तो जाळीच्या तोंडाशी घोंगडी पांघरून बसला होता, फेटा डोक्यावर तसाच होता. लंगड्या मेंढीचं पिलू त्याच्या मांडीवर होतं.

"पाजलं का?" तिने विचारलं.

"पाजलं. जेवायला काय व्हतं?"

तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. "हे घ्या. आता जेवनाचं इचारू नका. बसा आन् आइका."

ती चुलीपाशी बसली आणि दारातल्या गुलाबपाण्यापासून तिने सुरुवात केली. मला सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी घराकडे निघाले. मधल्या बांधापाशी आले तेव्हा ती बाळाच्या टोपड्यापर्यंत पोचली होती. बांध ओलांडला तेव्हा राजे आले होते. रस्त्याला लागण्याआधी त्याचं हसणं ऐकू आलं.